यादी आपल्याच हाती असू दे

कुडवा, जि. गोंदिया

चि. बेटा,



शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तू मराठी फीड रीडर करायला घेतलास आणि तुझ्या गाइड सरांनी विषय बदलायला सांगितला, हे ताईकडून कळलं. "आरएसएसचं तंत्र केव्हाच संपलं, सोशल मीडियाच्या जमान्यात फीड कोण वाचतं, एआयवर काहीतरी कर," असं ते म्हणाले म्हणे. सरांचा मान ठेव, वाद घालू नकोस. पण विषय सोडण्याआधी मामाचं एवढं ऐकून घे. ही गोष्ट तुझ्या-माझ्यापुरती नाही, फोनवर बातम्या वाचणाऱ्या प्रत्येकाची आहे, म्हणून हे पत्र छापायलाच दिलं आहे.

माझं काम तू लहानपणापासून पाहिलं आहेस. कुडव्यातल्या आपल्या ऑनलाइन सेंटरवर खरिपाचे धान निघाले की गर्दी सुरू होते. आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकायचे तर आधी नोंदणी लागते. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक पिशवीत घालून माणसं येतात आणि काउंटरवर पिशवी ठेवायच्या आधी फोन पुढे करतात. फोनवर एक स्क्रीनशॉट असतो. "धान नोंदणीची अंतिम तारीख 30." कोणत्या महिन्याची 30? कोणत्या वर्षाची? वरची ओळ कापलेली असते, खालची सही पुसट असते, मधे कुणीतरी लाल रंगाने गोल केलेला असतो. दर हंगामात मुदतवाढ होते, त्यामुळे मागच्या वर्षीचा कागद या वर्षीही खरा वाटतो. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचं तेच, पीक विम्याचं तेच. एखादी बाई कामाची मजुरी बुडवून सालेकशाच्या बाजूने येते आणि तिला सांगावं लागतं की हा कागद जुना आहे. तिचा यात काही दोष नाही. तिच्यापर्यंत मजकूर आला, पण तो कुणी काढला, केव्हा काढला आणि मूळ कागद कुठे ठेवला आहे, हे तिन्ही वाटेतच गळून पडलं.

तू जो रीडर करायला घेतला आहेस तो नेमकं हे गळणं थांबवतो. तुझ्या सरांना हे सांगून बघ.

तुला तांत्रिक बाजू माहीत आहे, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत, म्हणून थोडक्यात लिहितो. एखादं संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची एक साधी फाइल ठेवतं. तिला फीड म्हणतात. त्यात प्रत्येक नोंदीला शीर्षक असतं, मूळ पानाचा दुवा असतो, तारीख-वेळ असते आणि त्या नोंदीची स्वतःची एक ओळख असते. अॅटम नावाच्या प्रकारात तर शीर्षक, ओळख आणि तारीख या तिन्ही गोष्टी सक्तीच्याच आहेत. आरएसएस नावाच्या जुन्या प्रकारात तारीख ऐच्छिक आहे, पण चालवणारे बहुतेक जण ती देतात. वाचकाकडे रीडर असतो. आपल्याला हव्या त्या फीडचे पत्ते त्यात एकदा टाकायचे. मग रीडर अधूनमधून प्रत्येक दारावर जाऊन विचारतो, मागच्या खेपेनंतर काही नवं आलं का? नसेल तर समोरचा सर्व्हर 304 एवढा एक आकडा परत पाठवतो, म्हणजे काही बदललं नाही. मजकूर नाही, चित्र नाही, जाहिरात नाही. असेल तर फाइल येते आणि रीडर ती वेळेच्या क्रमाने लावून ठेवतो. तुझं नाव, तुझा फोन नंबर, तुझे मित्र कोण, यातलं काही कुणी विचारत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे नेटवर्क जातं-येतं तेव्हा या 304 ची किंमत मला कळते.

सर म्हणतात ही पद्धत जुनी आहे. आहेच. मार्च 1999 मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या पोर्टलसाठी आरएसएसची पहिली आवृत्ती काढली. भंडाऱ्यातून वेगळा होऊन आपला गोंदिया जिल्हा झाला 1 मे 1999 ला, म्हणजे दोघांत दोनच महिन्यांचं अंतर. आरएसएसची ती पहिली आवृत्ती करणाऱ्या दोघांपैकी एक रामनाथन गुहा, आपल्या मद्रास आयआयटीत शिकलेले. दुसरे डॅन लिबी. आणि पुढे काय झालं बघ. नेटस्केप एओएलच्या ताब्यात गेली आणि एप्रिल 2001 मध्ये त्यांनी स्वतःच्याच पोर्टलवरून आरएसएस काढून टाकलं. जन्म देणाऱ्यानेच दोन वर्षांत हात झटकले. इतर कोणतंही उत्पादन तिथेच संपलं असतं. पण ही फाइल कशी लिहायची हे सगळ्यांना ठाऊक होतं, कुणाची परवानगी लागत नव्हती, म्हणून ती चालत राहिली. डेव्ह वायनर यांनी 2002 मध्ये आरएसएस 2.0 काढलं आणि 2003 मध्ये त्याचे हक्क हार्वर्डच्या बर्कमन सेंटरकडे सोपवले, म्हणजे कुणा एका कंपनीच्या मर्जीवर ते राहू नये. त्याआधी 2000 मध्ये निघालेल्या आरएसएस 1.0 च्या गटात अॅरन स्वार्ट्झ नावाचा 14 वर्षांचा मुलगा होता. चौदा वर्षांचा! तू तर इंजिनियर व्हायच्या उंबरठ्यावर आहेस. अॅटमचं प्रमाणीकरण 2005 मध्ये झालं.

आपल्या भाषेत ही पद्धत उशिरा आली, आणि त्यामागे एक कारण होतं, जे तुझ्या पिढीला माहीत असायचं काही कारण नाही. तेव्हा बहुतेक मराठी दैनिकांची संकेतस्थळं आपापल्या खासगी फॉन्टवर चालायची. त्यांच्या पानावर फॉन्ट उतरवून घेतला तर मराठी दिसायचं, नाहीतर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. रीडर मजकूर तेवढा उचलतो, त्या पानाचा फॉन्ट घेऊन येत नाही. म्हणजे त्या काळातल्या दैनिकांची फीड रीडरमध्ये घेतली असती तरी कचराच दिसला असता. युनिकोडमधलं देवनागरी घरोघरच्या संगणकावर दिसायला लागलं, बरहा आणि गमभनसारख्या साधनांनी सामान्य माणसाला मराठी टंकता यायला लागलं, तेव्हा कुठे मराठीला फीड मिळाली. पण मिळाली ती अशी मिळाली की काय सांगू! साधारण 2005 नंतरची सात-आठ वर्षं मराठीत माणसं मोकळेपणाने लिहीत होती. कुणी दुबईत बसून आईच्या हातच्या भाकरीवर लिहायचं, कुणी बंगळुरात बसून किशोरीताईंच्या गाण्यावर, कुणी तालुक्याच्या गावातून आपल्या शाळेवर. 'मराठी ब्लॉग विश्व' नावाच्या संकेतस्थळावर या सगळ्यांच्या नव्या लेखांची शीर्षकं एका पानावर उतरायची, तीही फीडच्याच जोरावर. स्टार माझा वाहिनीने 'ब्लॉग माझा' नावाची स्पर्धा घेतली होती. मी रात्री सेंटर बंद केलं की गूगल रीडर उघडायचो. ऑक्टोबर 2005 मध्ये सुरू झालेली ही सेवा फुकट होती, जलद होती, आणि आवडलेलं दुसऱ्याला पाठवायची सोयही तिच्यात होती. झाडीपट्टीतल्या माणसाला घरी बसून एवढी मराठी माणसं, तीही कुणी संपादकाने निवडलेली नाहीत, माझी मी निवडलेली, वाचायला मिळाली. माझं वाचन त्या वर्षांत झालं, हे मी कृतज्ञतेने सांगतो.

मग 2013 चा उन्हाळा आला. मार्चमध्ये गूगलने जाहीर केलं की 1 जुलैला रीडर बंद. त्याआधी 2011 मध्येच गूगल प्लस रेटण्यासाठी त्यातली शेअर करायची सोय काढून घेतली होती. 2013 च्याच जूनमध्ये ट्विटरने बाहेरच्या प्रोग्रामना मजकूर देण्याची जुनी व्यवस्था बंद केली आणि तिच्यासोबत ट्विटरवरच्या फीड गेल्या. फेसबुकनेही हळूहळू आपली दारं लावून घेतली. डिसेंबर 2018 मध्ये फायरफॉक्सने ब्राउझरमधली फीडची सोय काढली. हे सगळं एका दिशेने झालं, आणि त्यातला सोशल मीडिया कंपन्यांचा हिशेब सरळ आहे. वाचक रीडरमध्ये बसून वाचतो तेव्हा तो त्यांच्या अंगणात येत नाही. तो काय बघतो, कुठे थांबतो, कशावर चिडतो हे मोजता येत नाही. मोजता येत नाही तर जाहिरात विकता येत नाही. आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. रीडरमधलं वाचन संपतं. न वाचलेल्यांची संख्या शून्यावर आली की संपलं, फोन खाली ठेवायचा, जेवायला बसायचं. ज्याचा धंदा तुमच्या वेळेवर चालतो त्याला संपणारी वस्तू परवडत नाही.

सरांचं म्हणणं इथून निघतं, आणि त्यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. सप्टेंबर 2006 मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणली. 2016 मध्ये ट्विटर आणि इन्स्टाग्राम या दोघांनी वेळेचा क्रम मोडून स्वतःचा क्रम लावला. लोक तिथे गेले ते काही फसून गेले नाहीत. तिथे ओळखीची माणसं होती, दाद होती, भांडण होतं, लग्नाचे फोटो होते. फीड रीडरमध्ये दाद देता येत नाही. नवा लेखक आपोआप भेटत नाही, शोधावा लागतो. ज्याला लिहिता-वाचता कमी येतं त्याला व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवता येतं, व्हिडिओ बघता येतो. आपल्याकडे पोवारी, गोंडी, छत्तीसगढी बोलणाऱ्या घरांतल्या आज्या जे बघतात-ऐकतात ते कुठल्याही फीडमध्ये नव्हतं. यूट्यूबने त्यांना त्यांच्या बोलीतली गाणी दिली. झाडीपट्टीच्या नाटकांच्या जाहिराती आणि क्लिप गावोगावच्या मंडईच्या जत्रेआधी फोनवर फिरतात, त्यानेच तंबू भरायला मदत होते. हे लहान काम नाही.

पण सोशल मीडियावर कुणाला वाचायचं याची यादी आपली राहत नाही, आणि मोल द्यावं लागतं ते याच ठिकाणी. तू एखाद्या लेखकाला फॉलो करतेस, म्हणजे त्याचं लिखाण तुझ्यापर्यंत येईल असं तुला वाटतं. येईलच असं काही नाही. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने जाहीरच केलं की यापुढे घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना अग्रक्रम, बातम्या देणाऱ्या पानांना कमी. एका खोलीत बसून काढलेल्या त्या फर्मानाने जगभरची छोटी वृत्तपत्रं हादरली. उद्या उलट फर्मान निघेल. कधी तर अख्खं व्यासपीठच जातं: 29 जून 2020 ला केंद्र सरकारने टिकटॉकसह 59 अॅपवर बंदी घातली. बंदी योग्य की अयोग्य, तो वाद वेगळा. गावागावांतल्या ज्या पोरापोरींनी तिथे आपला प्रेक्षक जमवला होता त्यांच्या हाती त्या प्रेक्षकाची यादी नव्हती, त्यामुळे "मी आता इथे आहे" असं त्याला कळवायचीही सोय उरली नाही. त्याआधी 2014 मध्ये ऑर्कुटही बंद झालं होतं.

आता गूगल रीडरचा शेवट आठव. सेवा बंद झाली, पण जाताना प्रत्येकाला आपली यादी एका फाइलमध्ये उतरवून घेता आली. त्या फाइलचा प्रकार ओपीएमएल. ती फाइल दुसऱ्या रीडरमध्ये टाकली की दहा मिनिटांत सगळं पुन्हा जागेवर. फीडलीने तेव्हा सांगितलं की गूगलच्या घोषणेनंतर 48 तासांत त्यांच्याकडे पाच लाख नवे वाचक आले. मीही अशीच यादी उचलली आणि पुढे नेली, मग तिथून आणखी एका ठिकाणी नेली. एवढी मोठी कंपनी निघून गेली तरी वाचकाचं आणि लेखकाचं नातं तुटलं नाही, कारण ते त्या कंपनीकडे नव्हतंच. सोशल मीडियावरच्या कुठल्या कंपनीबद्दल असं म्हणता येईल, ते तू सरांना विचार.

त्या यादीतले बरेच मराठी ब्लॉग आता गप्प आहेत. लिहिणारी माणसं फेसबुकवर गेली, काहींची नोकरी बदलली, काही बहुधा या जगात नसतील. मी त्यांचे पत्ते काढले नाहीत. गप्प फीडला काही खर्च नाही. रीडर विचारतो, 304 येतो, पुढे जातो. आणि मधूनच, कित्येक वर्षांनी, एखाद्या नावापुढे ठळक अक्षरात नवा लेख दिसतो. मागे एका बाईंनी असं लिहिलं. पूर्वी त्या मुलाच्या शाळेबद्दल लिहायच्या; या वेळी मुलगा परदेशी गेल्यावरच्या रिकाम्या घराबद्दल लिहिलं होतं. त्यांनी कुणाला कळवलं नव्हतं, कुठे दुवा टाकला नव्हता. खाली एक-दोनच प्रतिक्रिया होत्या, त्यातली एक माझी. इतक्या काळाने लिहिलेल्या माणसाला कुठला अल्गोरिदम माझ्यासमोर आणून ठेवेल? त्याच्या लेखी तो माणूस केव्हाच निकामी झालेला असतो. मी मात्र त्या बाईंना एकदा निवडलं होतं, आणि ती निवड रद्द करायचा अधिकार मी कुणाला दिला नव्हता.

बेटा, आपल्यासारख्या जिल्ह्याला हे फार लागू आहे. परसवाड्याच्या तलावावर सारस उतरले का, धानाच्या बांधीत त्यांचं घरटं टिकलं का, ही बातमी महाराष्ट्रात व्हायरल होणार नाही. व्हावी असंही नाही. पण ज्या थोड्या माणसांना ती हवी आहे त्यांच्यापर्यंत ती दर वेळी, न चुकता पोहोचायला हवी. थोडी पण पक्की वाचकसंख्या ही फीडची ताकद आहे आणि सोशल मीडियाची कमजोरी. जे थोड्यांसाठी आहे ते तिथे सगळ्यांत आधी खाली जातं.

आणि एक कटू गोष्ट लिहितो. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, साक्री तालुक्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षुकी करणारी ती माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरते अशी अफवा फोनवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मी असं म्हणत नाही की लोकांकडे फीड रीडर असता तर ती माणसं वाचली असती. राग, भीती, परक्याबद्दलचा संशय या गोष्टी फोनच्या आधीपासूनच्या आहेत. पण ज्या संदेशाला जन्मतारीख नाही, बाप नाही, पत्ता नाही, तो खरा धरायची सवय आपण एका पूर्ण समाजाला लावली, आणि माझ्या काउंटरवरचा लाल गोल केलेला स्क्रीनशॉट त्याच सवयीचा रोजचा, बिनरक्ताचा भाग आहे. हे मला अस्वस्थ करतं. म्हणून तुझा प्रोजेक्ट मला मार्कांपुरता वाटत नाही.

पुढे काय होईल, हा सरांचा खरा प्रश्न आहे. माझा अंदाज सांगतो. फीड रीडर हे कोट्यवधी लोकांच्या फोनमधलं अॅप होणार नाही. ती आशा सोड. पण फीड स्वतः मेलेली नाही, ती खाली वाहते आहे. लोक जे पॉडकास्ट ऐकतात त्यांतले बहुतेक आरएसएसच्या फीडवर चालतात, मराठीतलेही. वर्डप्रेसवरच्या जवळपास प्रत्येक संकेतस्थळाला न मागता फीड असते, ब्लॉगरला असते, यूट्यूबच्या प्रत्येक चॅनलला असते, मास्टोडॉनच्या प्रत्येक खात्याला असते. मराठी विकिपीडियातले अलीकडचे बदल फीडने बघता येतात. पीआयबी फीड देतं, रिझर्व्ह बँक देते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' संकेतस्थळावर हवामानाच्या आणि इतर इशाऱ्यांची फीड आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या बायांवर वीज पडते तेव्हा अर्धा तास आधीचा इशारा काय मोलाचा असतो हे तुला सांगायला नको. म्हणजे पाणी आहे, पाट आहेत. आपल्या बांधीपर्यंत ते आणणारी शेवटची चर कुणी खणलेली नाही. ते काम तुझं.

म्हणून रीडर करताना एकट्या वाचकाचा विचार करू नकोस, गावाचा कर. शेतकरी रीडर उतरवून घेणार नाही, त्याला गरजही नाही. पण गावात एक जागा अशी असू शकते जिथे रीडर चालतो: माझ्यासारखं सेंटर, ग्रामपंचायत, नाहीतर 'ड' वर्गातलं एखादं सार्वजनिक वाचनालय, जिथे आज दोन पेपर आणि एक पंखा असतो. तिथल्या माणसाने खात्रीच्या फीडची यादी सांभाळायची. जे कामाचं आहे त्याच्यावर बोट ठेवायचं, आणि तुझ्या रीडरने त्यातून असा संदेश तयार करून द्यायचा की तो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाईल तेव्हा त्याच्यासोबत मूळ दुवा, खात्याचं नाव आणि तारीख चिकटूनच जाईल. चित्र बनवायचं तर तारीख चित्राच्या मधोमध, कापता येणार नाही अशी. तसंच त्याचा कागद छापून फळ्यावर लावता यावा, मोठ्या अक्षरात. व्हॉट्सअॅपशी भांडून उपयोग नाही. लोक जिथे आहेत तिथे पत्ता असलेली गोष्ट पोहोचवायची.

ज्या सरकारी संकेतस्थळांवर फीड नाही त्यांचा प्रश्न मोठा आहे, तो तुला लगेच भेटेल. माझी सकाळ अजूनही काही पानं एकेक करून उघडून बघण्यात जाते. कुठे जाहीर सूचना स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असते, तीत अक्षर शोधताही येत नाही. अशा पानावर नजर ठेवून बदल झाला की स्वतःची फीड तयार करायची, हे करता येतं, तू वाचलंही असशील. इथे सरांचा एआय कामाला येईल. स्कॅन केलेल्या मराठी परिपत्रकातून तारीख, योजना आणि पात्रता वाचून काढणं हे खरं अवघड काम आहे आणि फार उपयोगाचं आहे. फक्त यंत्राने काढलेल्या सारांशाखाली मूळ कागद उघडता आलाच पाहिजे, ही अट स्वतःवर घाल. आजकाल लोक एआयला प्रश्न विचारतात आणि उत्तर घेऊन निघून जातात, मूळ पानावर जातच नाहीत. असं झालं तर लिहिणारा कशाला लिहील? तुझ्या यादीतल्याच लेखांचा सारांश, तुझ्याच यंत्रावर, दुव्यासकट, इतपत मला चालेल.

सरांकडे विषय मांडताना "फीड रीडर" हे नाव पुढे ठेवू नकोस. 'ग्रामीण भागासाठी मूळ स्रोतासह माहिती पोहोचवण्याची व्यवस्था' असं काहीतरी ठेव, आणि त्यात मराठी ओसीआरचा, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं वाचून काढण्याचा, भाग दाखव. ते नाही म्हणणार नाहीत. माणूस वाईट नाही, मुलांच्या नोकरीची काळजी आहे त्यांना.

आणि तुझं स्वतःचं लिखाण. तू धानाच्या वाणांवर लिहितेस ते सगळं इन्स्टाग्रामवर आहे, चित्रांच्या खाली, बारीक अक्षरात. खूप छान लिहितेस. आजोबांच्या वेळच्या वाणांची नावं विचारून काढलीस, ते तर जपून ठेवण्यासारखं आहे. तिथे लिही, लोक तिथेच आहेत. पण आधी आपल्या स्वतःच्या पानावर टाक, जिथे फीड आहे, आणि मग तिकडे दे. वर्षाला एका डोमेनचा खर्च मामा करेल. तो माझ्याकडून तुझ्या वाढदिवसाचा धरून चाल.

सेंटरवरचा जुना संगणक चाचणीसाठी तुझाच. रॅम कमी आहे, म्हणून हलकं काहीतरी घे. फ्रेशआरएसएस किंवा मिनिफ्लक्स हे तयार रीडर बघ, दोन्ही खुले आहेत, त्यांचा कोड वाचूनही शिकता येईल. माझी ओपीएमएल फाइल सोबत मेलने पाठवली आहे. त्यात 2006 पासूनचे पत्ते आहेत, काही डोमेन विकली गेलेली आहेत, काही फीडमध्ये देवनागरी तुटलेलं आहे, एक-दोन तर फीडच्या जागी जुगाराची जाहिरात देतात. तुझा रीडर त्यांच्यावर अडकून पडतो की पुढे जातो, हे पहिल्याच रात्री कळेल. अडकला तर लॉग मला पाठव.

तुझा,
मामा